न गर्जणारी वाघीण

रामाजी गोवर्धन यांनी व्हिडिओ गेम पहिल्यांदा पाहिला तो १९९३ साली, मार्कंड्याच्या जत्रेत, आणि तोही ड्युटीवर असताना. वनरक्षक माणूस. जत्रेकरूंनी चुलीसाठी ओली झाडं तोडू नयेत म्हणून साहेबांनी त्यांना तिथं उभं केलं होतं. वैनगंगेच्या रेतीत, आकाशपाळण्याच्या बाजूला, एका तंबूत जनरेटरवर टीव्ही चालू होता आणि पडद्यावरचा एक बुटका माणूस बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगठ्याच्या इशाऱ्यावर उड्या मारत होता. टीव्ही म्हणजे तो दाखवील ते आपण बघायचं, एवढंच रामाजींना तोवर ठाऊक होतं. तो आपलं ऐकतोही, हे बघून ते दीड तास जागचे हलले नाहीत. तेवढ्या वेळात जत्रेत किती झाडं तुटली, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

त्याच दिवाळीत चंद्रपूरहून टीव्ही गेमचा डबा घरी आला. आठ वर्षांच्या माधवीसाठी आणला असं त्यांनी बायकोला, सत्यशीलाबाईंना, सांगितलं. सत्यशीलाबाई बालवाडीत शिकवत होत्या. लहान मुलांची थापेबाजी त्यांना रोजची होती, त्यामुळे त्या नुसत्या हसल्या. पुढं माधवी अभ्यासाला बसायची आणि रामाजी खेळायला.

जंगलात चौदा-पंधरा किलोमीटर चालून आलेला माणूस घरी बूट काढून सगळ्यात आधी हातात रिमोट घेतो, हे बदली होईल तिथल्या वनवसाहतीत हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. अंगवळणी पडली नाहीत ती त्यांची मतं. रामाजींना खेळ खेळायला जितका आवडे, तितकंच खेळ बनवणाऱ्याला झोडायला आवडे. डब्यासोबत आलेल्या कॅसेटवर लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. दुसरा कुणी असता तर त्यानं सोडून दिलं असतं. रामाजींनी वही घेऊन रीतसर प्रगणना केली. अकरा दिवस रोज संध्याकाळी यादीतला एकेक खेळ उघडून बघितला आणि शेवटी जाहीर केलं की एकूण खेळ तेरा, बाकी सगळे तेच, कपडे बदलून आलेले. ‘‘आमच्या खात्यात कोनी अशी गणना केली असती, तं घरी बसवलं असतं त्याले,’’ ते म्हणाले.

डब्यासोबत एक पिस्तूलही होतं. पडद्यावर उडणारी बदकं त्यानं पाडायची. ते पिस्तूल त्यांनी पहिल्याच दिवशी जप्त करून कपाटावर टाकलं. माधवीनं हट्ट केला तेव्हा, गोळी मारलीस तर पीओआर फाडीन, अशी धमकी दिली. पीओआर म्हणजे जंगलातल्या गुन्ह्याचा पहिला कागद. आठ वर्षांची पोर तो ऐकूनच गप्प बसली.

पण त्यांचा खरा राग होता तो खेळातल्या जंगलावर. एका खेळात सगळी झाडं एकाच उंचीची होती. रामाजी म्हणाले, ठेकेदारानं लावलेली दिसतात. दुसऱ्यात साप उडी मारायचा. तिसऱ्या कॅसेटवरच्या स्टिकरवर हा एवढा मोठा वाघ होता आणि आत, पहिल्या स्टेजपासून शेवटच्या स्टेजपर्यंत, वाघाचा पत्ता नाही. ती कॅसेट त्यांनी तीन महिने खेळली, वाघ पुढं भेटेल या आशेवर. शेवटच्या राक्षसाला मारल्यावर पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि खेळ पुन्हा पहिल्या स्टेजवर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढं २००२ साली सीडीवाला नवा डबा आला, त्यात चित्रं जिवंत माणसांसारखी फिरायची, आणि एका खेळात खरोखरच वाघ निघाला. तो पावलापावलाला डरकाळी फोडायचा. रामाजींनी रिमोट घडीभर खाली ठेवला. ‘‘बिनकामाचा वाघ गर्जत नाई,’’ ते म्हणाले, ‘‘ज्यानं हा बनवला त्यानं वाघ सर्कशीत पाह्यला.’’

तर अशी चौदा वर्षं गेली. या चौदा वर्षांत रामाजी गोवर्धनांनी एकाही खेळाला चांगला म्हटलं नाही आणि एकही खेळ अर्धवट सोडला नाही.

आता २००७चा मे महिना होता आणि बिऱ्हाड अहेरीत. रामाजींच्या नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं होतं आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. माधवी वनपालाची लेखी परीक्षा पास झाली होती. सोमवारी चंद्रपूरला तिची मुलाखत. वनपाल म्हणजे गार्डाच्या वरचा साहेब. बत्तीस वर्षं ज्याला-त्याला सलाम ठोकून झाला. निवृत्त व्हायच्या आधी एक सलाम स्वतःच्या पोरीला ठोकायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. कुणी बघत नाही असं पाहून आरशासमोर त्यांनी तो दोन-तीनदा ठोकूनही पाहिला होता.

माधवी परीक्षेला बसली ती बापाच्या शब्दाखातर. बी.एस्सी. झाल्यावर तिनं नागपुरात कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं शिक्षण घेतलं होतं आणि सहा महिन्यांपासून ती पुण्यात एका कंपनीत शिकाऊ म्हणून होती. शनिवारी संध्याकाळी ती घरी आली, पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप घेऊन. रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती वडिलांसमोर येऊन बसली.

‘‘बाबा, आमची कंपनी खेळ बनवून राह्यली. त्याचा नमुना आनलाय. कंपनीवाले मले पक्की नोकरी देतो म्हनतात. उद्यापर्यंत हो का नाई ते सांगाचं हाय.’’

‘‘उद्या तं तुझा इंटरव्ह्यू हाय.’’

‘‘म्हनूनच विचारून राह्यली. तुमी हा खेळ खेळा आनि खरं खरं सांगा. बेकार हाय म्हनाल, तं मी उद्या चुपचाप तुमच्यासंगं चंद्रपूरले येईन, पुन्याचं नाव काढनार नाई. चांगला हाय म्हनाल, तं पुन्याले जाईन.’’

रामाजींनी सत्यशीलाबाईंकडं पाहिलं. सत्यशीलाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. त्यांना पोरीची दया आली. देशात दुसरा कुणी नाही आणि हिनं न्याय मागितला तो ह्या माणसाकडं!

‘‘पाय बरं,’’ रामाजी म्हणाले, ‘‘मंग रडशील.’’

‘‘नाई रडत.’’

‘‘कोनी बनवलं हे?’’

‘‘कंपनीनं,’’ माधवी म्हणाली आणि वायर जोडायला टीव्हीच्या मागं गेली.

रामाजी पाटावर मांडी घालून बसले. माधवीनं लॅपटॉपला जोडलेला रिमोट हातात घेतला. आज हरायचा प्रश्नच नव्हता. मनातल्या मनात त्यांनी पहाटेच्या एसटीत खिडकीची जागासुद्धा धरली.

पडद्यावर जंगल आलं. उन्हाळ्यातलं, पानगळ झालेलं. खेळातला माणूस खाकी कपड्यातला होता, हातात काठी. रामाजींनी चुका काढायला सुरुवात करण्यासाठी तोंड उघडलं. समोर सागाचं झाड होतं. त्याच्या बाजूला दुसरा साग. पण हा वाकडा, एका अंगाची साल गेलेली, बुंध्यावर वाळवीची माती चढलेली. त्यांनी तोंड मिटलं. जरा पुढं मोहाचं झाड आलं. बुंध्याभोवती जमीन काळी पडलेली. मोहफुलं वेचणाऱ्या बाया खालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात, त्याचा तो डाग. पुण्यामुंबईच्या कुठल्या शहाण्याला ही गोष्ट ठाऊक असणार?

‘‘हं,’’ ते म्हणाले. सत्यशीलाबाईंनी मान वर केली. गेल्या चौदा वर्षांत खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि नवऱ्यानं शिवी दिली नाही, असं झालं नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक बाण होता. टेकडीवरच्या मचाणाकडं चला, असं तो सांगत होता. तिथं पहिलं काम मिळणार. खेळणारा कुणीही बाण धरून पळत सुटतो. रामाजींनी बाणाकडं ढुंकून पाहिलं नाही. बत्तीस वर्षांची सवय. बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, सकाळी पाऊल टाकलं की गार्ड आधी नाल्यात उतरतो. रात्रभरात कोण आलं, कोण गेलं, ते रेतीत लिहिलेलं असतं आणि ऊन चढलं की कडा ढासळून पुसलं जातं. रामाजींनी खाकीतल्या माणसाला डावीकडं वळवलं आणि उतारावरून खाली नेलं. त्यांच्या पाठीमागं बसलेल्या माधवीचा श्वास एकदम अडकला, पण तो त्यांना ऐकू आला नाही.

तेवढ्यात लाईट गेली. दहाचं भारनियमन. टीव्ही काळा झाला आणि पंखा गरगरत थांबला. एरवी रामाजींनी वीज मंडळाच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज ते फक्त म्हणाले, ‘‘गेलं का सगळं?’’ आणि त्या आवाजात इतकी हळहळ होती की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

‘‘नाई बाबा, याच्यात बॅटरी हाय,’’ माधवीनं लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला. छोट्या पडद्यावर नाला तसाच होता.

नाल्यात रेती होती आणि रेतीत ठसे. चितळाचे खूर. मोराची तीन बोटं. एका साळिंदराचं फरफटत गेलेलं काटेरी शेपूट. रामाजी काठीवाल्या माणसाला एकेक पाऊल टाकत चालवत होते. मग वाघाचा ठसा आला, पाण्याच्या दिशेनं गेलेला. ते त्याच्या बाजूनं चालत गेले. वीस-पंचवीस पावलांवर ठसे वर, झुडपात चढले आणि दिसेनासे झाले. कुणीही असता तर झुडपात घुसला असता. रामाजी थांबले. त्यांनी माणसाला मागं वळवलं आणि आपण आलो ती वाट बघितली.

रेतीत त्यांच्या बुटांचे ठसे होते. आणि त्यातल्या तिसऱ्या बुटावर, बरोबर वर, वाघाचं पाऊल उमटलेलं होतं.

रामाजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात, पाटावर, भर दिवसा, बायकोच्या तांदळाच्या सुपापासून हातभर अंतरावर.

‘‘आपल्या मागं हाय,’’ ते कुजबुजले. ‘‘कोनी बोलू नका.’’

सत्यशीलाबाईंनी सूप खाली ठेवलं. रामाजींनी दोन्ही अंगठे बटणांवरून उचलले. अशा वेळी गार्ड पळत नाही, ओरडत नाही, काठी उगारत नाही. वाट वाघाची असते. ती देऊन उभं राहायचं. खेळात काही न करता उभं राहणं म्हणजे येडेपणा, वेळ संपतो, लाइफ जाते, हे त्यांना चौदा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. तरी ते उभे राहिले. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. लॅपटॉपमधून वाळलेल्या बांबूचा करकर आवाज येत होता. मग तोही थांबला.

उजव्या हाताच्या करवंदीच्या जाळीतून वाघीण बाहेर आली. ती गरजली नाही. तिनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, जसं कुणी ओळखीच्या पण विशेष कामाच्या नसलेल्या माणसाकडं पाहतं, आणि पाण्यावर जाऊन खाली बसली. मागचा भाग आधी पाण्यात टेकवला, उलट बसून, वाघ बसतो तसा. पाणी प्याली. उठली. ओल्या पावलांनी रेती ओलांडून पलीकडच्या काठावर चढली आणि ओलाव्यानं हिरव्या राहिलेल्या सागाच्या पानांआड गेली. एक पानसुद्धा वाजलं नाही.

आपण एका डब्यासमोर बसलो आहोत, हे सगळं विजेचं आणि रंगांचं आहे, कुणीतरी खुर्चीत बसून बनवलेलं आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी अंगठे अजून बटणांवर टेकवले नव्हते. माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं, हेच त्यांना झेपत नव्हतं.

‘‘हे थांबवता येते का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तो ओला ठसा. जवळून.’’

माधवीनं ठसा मोठा करून थांबवला. रामाजी उठले, खात्याच्या पेटीतून काचेची चौकट आणि काळा पेन घेऊन आले. वाघाची गणना व्हायची तेव्हा गार्ड लोक ठशावर ही काच धरून त्याची रेघ उतरवून घेत. आता रामाजींनी ती काच लॅपटॉपच्या पडद्यावर धरली.

‘‘अवो, कॉम्प्युटरवर कायले काच ठेवता? फुटंल नं पोरीचा!’’ सत्यशीलाबाई म्हणाल्या.

‘‘डावा मागचा पाय हाय,’’ रामाजी म्हणाले. त्यांनी तळव्याची गादी उतरवली, मग एकेक बोट. भोवती चार रेघा ओढल्या. नराचा ठसा चौरसात बसतो. हा लांबट होता. मादीच. मग त्यांचा पेन तिसऱ्या बोटावर आला आणि अडला. ते बोट बाहेरच्या बाजूला कलंडलेलं होतं.

असं बोट त्यांनी आयुष्यात एकाच पायाचं पाहिलं होतं. धानोऱ्याकडं कोसमटोल्याच्या बीटवर असताना तिथल्या नाल्यात एक वाघीण होती. लहानपणी कुणाच्या तरी फाशात पाय अडकून बोट मोडलेलं. पाच वर्षांत ती त्यांना तीनदा दिसली. १९९८च्या उन्हाळ्यात कुणीतरी मेलेल्या गाईवर विष टाकलं आणि ती त्याच नाल्यात पडलेली सापडली. पंचनामा रामाजींनीच लिहिला. लिहिताना दोनदा कागद खराब झाला म्हणून साहेब रागावले होते. तिच्या पायाचा प्लास्टरचा साचा पुढं बरीच वर्षं घरच्या खिडकीत होता, मग बदलीच्या सामानात त्याचा चुरा झाला. त्यानंतर तिचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं.

‘‘हा पाय तुमच्या कंपनीले कुठी भेटला?’’ रामाजींनी विचारलं. आवाज चढला होता.

माधवीनं आपला उजवा हात पुढं केला, बोटं पसरून. ‘‘खिडकीतला तो साचा, बाबा. मी अभ्यास करता करता त्याच्यात बोटं घालून बसत होती. हे बोट असं बाहेर जाय. मले काई आठवत नव्हतं. काढाले बसली तं बोटांनंच काढलं.’’

‘‘आनि जंगल?’’

‘‘जंगल बी मीच बनवलं. सगळं. तुमच्यासंगं फिरत होती नं मी, लहानपनी.’’ ‘‘ऑफिसात अकरा जन खेळले. कोनी बी नाल्यात उतरलं नाई. अकराच्या अकरा मचानाकडं पळाले. वाघीन कोनाले दिसलीच नाई. साहेब म्हनाले, कोनाले दिसतच नाई तं ठेवाची कायले? काढून टाक.’’

रामाजी काचेवरच्या रेघांकडं बघत राहिले.

‘‘सांगा नं,’’ माधवी म्हणाली. ‘‘कसा हाय?’’

एक शब्द बोलायचा होता. बेकार. चौदा वर्षांत हजारदा बोललेला शब्द. तोंडाला त्याची सवय होती, आणि तो बोलला असता तर कुणाला शंकासुद्धा आली नसती. उद्या पहाटे एसटी, परवा-तेरवा निकाल, वर्षाच्या आत खांद्यावर तारे घेतलेली पोर दारात उभी, आणि समोर टाच जुळवून बाप. इतकं जवळ होतं ते सगळं. सत्यशीलाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या. या माणसाला खोटं बोलता येत नाही असं मुळीच नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तो पहिला डबाच थाप मारून घरात आला होता. पण खेळाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता.

‘‘कोसमटोल्याले पाच वर्सं होतो मी,’’ रामाजी म्हणाले. ‘‘रोज त्या नाल्यात उतरत होतो. तीन बार दिसली ती मले. तिनी बार माह्ये पाय कापले.’’ त्यांनी काचेवरच्या वाकड्या बोटावर बोट ठेवलं. ‘‘आज चवथी बार.’’

माधवीनं नाही रडत म्हणून सांगितलं होतं. तो शब्द तिनं मोडला. सत्यशीलाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. रामाजींच्या डोळ्यांतही पाणी होतं, आणि ते सगळं पोरीच्या कौतुकाचं नव्हतं. आरशासमोरचा तो सलाम आता कुणालाच ठोकायचा नव्हता. हे त्यांना लख्ख दिसलं आणि चांगलंच लागलं. ते लपवायचं म्हणून त्यांनी घाईघाईनं रिमोट उचलला.

‘‘थे काढाची नाई म्हनावं तुह्या साहेबाले,’’ ते खेकसले. ‘‘अकरा लोकायले नाल्यात उतरता येत नाई, हा काई तिचा गुन्हा होय का?’’

खाकीतला माणूस पुन्हा चालू लागला. वाघीण गेली त्या वाटेनं रामाजींनी त्याला पाण्यात घातलं, पलीकडच्या काठावर चढवलं. ओले ठसे सागाच्या पानांपाशी संपत होते. त्यांनी पानं बाजूला सारली. पलीकडं काहीच नव्हतं. झाड नाही, माती नाही, आभाळ नाही, नुसता राखाडी पडदा. माणूस त्याच्यावर धडकून जागच्या जागी पाय हलवत राहिला.

इतका जीव लावून शेवटी हेच! रामाजींनी बटण आणखी दोनदा दाबून पाहिलं.

‘‘पुढं कुठी हाय जंगल?’’

‘‘पुढं अजून काईच नाई, बाबा,’’ माधवी डोळे पुसत म्हणाली. ‘‘ते बनवाचं हाय.’’

रामाजींनी रिमोट पोरीच्या मांडीवर टाकला.

‘‘मंग जा नं, बनव! इथी काऊन बसून राह्यली?’’